विश्लेषण : स्वमग्न तरुणांना प्रशिक्षण मिळते, मग नोकरी का मिळत नाही?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात एका बँकेत डोनाल्ड ट्रिपलेट यांनी सुमारे ६५ वर्षे नोकरी केली. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम अर्थात स्वमग्नतेचे वर्णन करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात नोंद असलेल्या ११ मुलांपैकी पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड. जून २०२३ मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वमग्नतेच्या निदानाचा इतिहास ज्या मुलापासून सुरू होतो, त्याने पुढे पदवी घेतली, नोकरी केली, गाडी चालवली आणि देशोदेशी प्रवासही केला.

मात्र यात एक मेख आहे. ती बँक डोनाल्ड यांच्या आईच्या माहेरच्यांची होती. गाव लहान होते आणि गावाने त्यांना त्यांच्या सवयींसकट सामावून घेतले होते. ज्याच्या घरची बँक नाही, अशा तरुणाने काय करायचे, हा प्रश्न आज भारतातल्या हजारो घरांत आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण प्रशिक्षणावर भर दिला. पण प्रशिक्षणानंतर कामाच्या जागी लागणाऱ्या आधाराकडे जवळजवळ दुर्लक्षच केले.

१८ वर्षांनंतर नेमके काय होते?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तोवर शाळा असते, विशेष शिक्षक असतात, दिवसाचे वेळापत्रक असते. अठरावे वर्ष ओलांडले की हे सगळे जवळजवळ एकदम थांबते. शाळेची रिक्षा दारात येईनाशी होते आणि मुलगा किंवा मुलगी दिवसभर घरात राहू लागते.

वेळापत्रक मोडणे ही अनेक स्वमग्न व्यक्तींसाठी साधी गोष्ट नसते. ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या दिवसावर त्यांची मनःशांती अवलंबून असते. तो क्रम गेला की चिडचिड वाढते, झोप बिघडते, शाळेत शिकलेली कौशल्येही विसरली जातात. सांभाळण्यासाठी आई किंवा वडिलांपैकी एकाला नोकरी सोडावी लागते. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न इथूनच अधिक टोकदार होतो.

किती जणांपुढे हा प्रश्न आहे?

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांगांची नोंद झाली. मात्र त्या जनगणनेत स्वमग्नतेसाठी वेगळा रकानाच नव्हता. त्यामुळे या तरुणांचा एकत्रित आकडा जनगणनेतून मिळत नाही. मोजणी नसली की नियोजन आणि निधीतही हा गट मागे पडतो.

ब्रिटनमध्ये मोजणी होते. तिथे माजी मंत्री रॉबर्ट बकलंड यांच्या अध्यक्षतेखालील आढावा फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार काम करण्याच्या वयातील १० स्वमग्न व्यक्तींपैकी केवळ ३ जणांकडे नोकरी आहे. सर्व दिव्यांगांचा एकत्रित विचार केला तर हे प्रमाण १० पैकी साधारण ५, तर दिव्यांगत्व नसलेल्यांमध्ये १० पैकी ८ आहे. म्हणजे कायदे, निधी आणि आकडेवारी असलेल्या देशातही स्वमग्न व्यक्ती इतर दिव्यांगांच्याही मागे आहेत.

अडचण कामाची की मुलाखतीची?

अनेकदा मुलाखतीची. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा मुलाखतीतला पहिला प्रश्न घ्या. ऐकणाऱ्याला यातून काय अपेक्षित आहे, हे शब्दांत कुठेच सांगितलेले नसते. शब्दांचा सरळ अर्थ घेणाऱ्या व्यक्तीला जन्मापासून सुरुवात करावी की पत्त्यापासून, हेच कळत नाही. नजरेला नजर देणे, हसून बोलणे, समोरच्याचा कल ओळखणे यांवर मुलाखतीचे गुण ठरतात. गोदामात मालाची नोंद करण्यासाठी किंवा प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यासाठी यांपैकी कशाचीच फारशी गरज नसते. म्हणजे उमेदवार कामात नापास होत नाही. कामाशी संबंध नसलेल्या परीक्षेत नापास होतो.

नोकरी लागल्यानंतरच्या अडचणीही अशाच असतात. एसीचा घोंघावणारा आवाज, ट्यूबलाइटची फडफड, कँटीनमधला गोंगाट, ऐनवेळी बदललेली पाळी किंवा ‘जरा बघून घे’ असे मोघम आदेश यांनी ती व्यक्ती अस्वस्थ होते. सहकाऱ्यांना कारण समजत नाही. ‘हा विचित्र वागतो’ असा शिक्का बसतो आणि काही आठवड्यांत नोकरी सुटते. हेडफोन वापरू देणे, काम लेखी सांगणे आणि पाळीतला बदल आदल्या दिवशी कळवणे, एवढ्यावर यातले बरेचसे निभावते. खर्च नगण्य असतो, पण हे कोणीतरी सुचवावे लागते.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या जुन्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला; पण त्या कायद्याचा भर पालकत्व आणि सांभाळ यांवर होता. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ४ टक्के केले.

यातील ३ टक्के दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंगाशी संबंधित गटांसाठी प्रत्येकी १ टक्का असे आहेत. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सर्वांमध्ये मिळून आहे. कोणती पदे कोणत्या दिव्यांगत्वासाठी योग्य, याची केंद्र सरकारची यादी जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पण त्या पदांपर्यंतची वाट बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेतूनच जाते. ज्याला नेमून दिलेले काम अचूक जमते, पण परीक्षा केंद्रातली गर्दी आणि वेळेचे दडपण जमत नाही, तो दारातच अडतो.

खासगी क्षेत्राबाबत कायदा मवाळ आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून ते दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचे आहे. २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी दिव्यांगांसाठी योग्य पदे, निवडीची पद्धत आणि प्रशिक्षणाचा तपशील त्यात द्यायचा आहे, संपर्क अधिकारीही नेमायचा आहे. किमान ५ टक्के दिव्यांग कर्मचारी ठेवणाऱ्या खासगी मालकांना सरकारने प्रोत्साहन द्यावे, असेही कलम ३५ सांगते. मात्र त्याला ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पुस्ती आहे.

सध्याचे प्रशिक्षण कुठे कमी पडते?

महाराष्ट्रात काम नाही असे नाही. पुण्यातील कामायनी, मुंबईतील ओम क्रिएशन्स यांसारख्या संस्था बौद्धिक दिव्यांग तरुणांना अनेक वर्षांपासून कामाचे शिक्षण देत आहेत. दिल्लीत १९९१ मध्ये पालकांच्या पुढाकारातून सुरू झालेली ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था प्रौढ स्वमग्न व्यक्तींसाठी कार्यकौशल्य केंद्र चालवते. दिवाळीच्या पणत्या, कंदील, कागदी पिशव्या, राख्या, चॉकलेट ही अशा केंद्रांची ओळख आहे. त्यांनी हजारो तरुणांना दिवसाला आकार दिला, घरच्यांना थोडी उसंत दिली. ही केंद्रे नसती तर त्यांतल्या अनेकांना घराबाहेर पाऊल टाकायलाही जागा नसती.

पण या रचनेला मर्यादा आहे. हातात पडते ते बहुधा विद्यावेतन, पगार नव्हे. मागणी सणासुदीला असते. शिवाय केंद्रातून बाहेरच्या नोकरीत जाणारे थोडे असतात. केंद्रात पिशव्या करायला शिकलेला तरुण दहा वर्षांनीही पिशव्याच करताना दिसतो. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातील कलम २७ खुल्या बाजारातील कामाच्या हक्काविषयी बोलते. या कराराच्या समितीनेही २०२२ मध्ये दिव्यांगांना वेगळे ठेवून दिलेले काम म्हणजे या हक्काची पूर्तता नव्हे, असे स्पष्ट केले.

दुसऱ्या टोकाला आयटी कंपन्यांच्या यशकथा आहेत. ‘सॅप’ या जर्मन कंपनीने २०१३ मध्ये ‘ऑटिझम ॲट वर्क’ हा उपक्रम जगभर जाहीर केला. त्याआधी बेंगळूरुच्या कार्यालयात स्वमग्न तरुणांना सॉफ्टवेअर चाचणीचे काम देऊन तो करून पाहिला होता. हे उदाहरण मोलाचे आहे, पण त्यातून ‘स्वमग्न म्हणजे संगणकात हुशार’ असा समज पसरला. प्रत्यक्षात अमेरिकेच्या सीडीसीच्या पाहणीनुसार स्वमग्न मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांना बौद्धिक दिव्यांगत्वही असते. पणत्या आणि प्रोग्रामिंग यांच्या मधल्या फार मोठ्या गटासाठी गोदाम, रुग्णालय, ग्रंथालय, छापखाना, स्वयंपाकघर अशी साधी, पगाराची कामे हवी आहेत.

मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टचे ‘कॅफे अर्पण’ याच मधल्या वाटेवरचे उदाहरण आहे. तिथे स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम आदी असलेले प्रौढ कर्मचारी ग्राहकांची ऑर्डर घेण्यापासून पदार्थ बनवण्यापर्यंतची कामे करतात. कामाचे छोटे भाग पाडून ते ज्याला जे जमते त्याप्रमाणे वाटले जातात.

‘आधी नोकरी, मग प्रशिक्षण’ म्हणजे काय?

आपली रूढ पद्धत अशी: आधी केंद्रात सहा महिने किंवा वर्षभर शिका, प्रमाणपत्र घ्या, मग नोकरी शोधा. स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत ही पद्धत एका मूलभूत कारणाने फसते. एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वापरणे त्यांतल्या अनेकांना कठीण जाते. प्रशिक्षण केंद्रातल्या काउंटरवर बिल करता येते, पण दुकानातला काउंटर वेगळा, यंत्र वेगळे, आवाज वेगळे. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून जिथे काम करायचे, तिथेच शिकवायचे, हा उलटा क्रम जगात पुढे आला.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘प्रोजेक्ट सर्च’. अमेरिकेतील सिनसिनाटी बालरुग्णालयात १९९६ मध्ये तो सुरू झाला. आपत्कालीन विभागातील साहित्याच्या फळ्या भरून ठेवण्याच्या कामावर माणसे टिकत नव्हती. विभागाच्या परिचारिका प्रमुख एरिन रिली यांनी हे काम बौद्धिक दिव्यांग तरुणांना शिकवून पाहिले. शाळेच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने वर्गाऐवजी रुग्णालयातच जायचे, वेगवेगळ्या विभागांत काम करायचे आणि सोबत प्रशिक्षकाने राहायचे, अशी ही योजना आहे.

व्हर्जिनियात पॉल वेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न तरुणांसाठी या पद्धतीची शास्त्रीय चाचणी घेतली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकलेल्या २४ पैकी २१ जणांना, म्हणजे ८७.५ टक्के तरुणांना खुल्या बाजारात नोकरी मिळाली. नेहमीच्या पद्धतीने शाळा पूर्ण केलेल्या १६ पैकी केवळ एकाला ती मिळाली. चाचणीतील संख्या लहान आहे आणि व्हर्जिनिया म्हणजे विदर्भ नव्हे, हे खरेच. तरीही तफावत इतकी मोठी आहे की ती नजरेआड करता येत नाही.

जॉब कोच नेमके काय करतो?

या पद्धतीचा कणा म्हणजे जॉब कोच. समजा, एका तरुणाला औषधांच्या गोदामात काम मिळाले. जॉब कोच त्याच्या आधी दोन दिवस तिथे जाऊन स्वतः ते काम करून पाहतो. ‘माल लावून ठेव’ या एका आदेशाचे तो बारा टप्पे करतो: गाडीवरून खोके उतरव, खोक्यावरचा क्रमांक वाच, त्याच क्रमांकाच्या फळीकडे जा, अशा क्रमाने. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून तक्ता भिंतीवर लावतो. बस कुठे बदलायची, डबा कुठे खायचा, त्रास झाला तर कोणाला सांगायचे, हेही ठरवतो. पर्यवेक्षकाला सांगतो की हा नजर देत नाही याचा अर्थ ऐकत नाही असा घेऊ नका.

पहिले दोन आठवडे तो पूर्णवेळ सोबत असतो. मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग केवळ फोनवर. तोवर एखादा सहकारी त्याची जागा घेतो. शिकवणे एकट्या तरुणाचे नसते, तर गोदामातल्या सगळ्यांचेच असते. पर्यवेक्षक बदलला किंवा कामाची पद्धत बदलली की जॉब कोचला पुन्हा काही दिवस यावे लागते. नोकरी टिकते ती या पुन्हा येण्यामुळे.

२०१६ च्या कायद्यात ‘वाजवी सोयीसुविधां’ची व्याख्या आहे, व्यवसाय प्रशिक्षणावर स्वतंत्र कलम आहे, जॉब कोच हा शब्द मात्र कुठेही नाही. खासगी मालकांसाठी केंद्राने २००८ मध्ये आणलेल्या प्रोत्साहन योजनेत दिव्यांग कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विम्यातील मालकाचा वाटा तीन वर्षे सरकारने भरायचा होता. मालकाचा पैसा वाचवण्याचा विचार त्यात होता. सोबत उभ्या राहणाऱ्या माणसाचा नव्हता. आज हे काम संस्था देणग्यांतून करतात किंवा आई करते. महिनोन्महिने मुलाच्या कार्यालयाबाहेर बसून राहणारी आई ही आपल्याकडची विनावेतन जॉब कोच आहे.

पालक नोकरीला का बिचकतात?

मालकच नव्हे, पालकही कचरतात आणि त्यामागे हिशेब असतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. अट अशी की त्याचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेत असावे. पूर्वी ही मर्यादा ९,००० रुपये अधिक महागाई सवलत होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती शिथिल झाली: आता अपत्याचे इतर उत्पन्न हे कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के अधिक महागाई सवलत या रकमेपेक्षा कमी हवे. अखेरचे वेतन ५०,००० रुपये असेल, तर मर्यादा १५,००० रुपये अधिक महागाई सवलत इतकी होते.

मर्यादा वाढली हे चांगलेच झाले. पण पालकाच्या मनातला प्रश्न उरतोच: आज मिळालेली नोकरी उद्या गेली आणि ‘हा कमावू शकतो’ अशी नोंद कागदावर राहिली, तर आमच्यानंतरचा आधार जाईल का? हमखास निवृत्तिवेतन आणि बेभरवशाची नोकरी यांत पालक निवृत्तिवेतन निवडतो, तर त्याला दोष देता येणार नाही. काम करणे म्हणजे सुरक्षितता गमावणे असे समीकरण असेल, तर उत्तम प्रशिक्षणही वाया जाईल.

बेरोजगारी असताना हा खर्च कशासाठी?

पदवीधरांच्या रांगा लागलेल्या असताना स्वमग्न तरुणांसाठी वेगळा खर्च का, असा प्रश्न विचारला जातो. पहिले उत्तर हक्काचे आहे: कायद्याने दिलेली समान संधी बाकीच्यांची सोय झाल्यावर उरलेसुरले देण्याची गोष्ट नाही. दुसरे उत्तर हिशेबाचे. एक प्रौढ व्यक्ती घरी बसते तेव्हा बहुतेक घरांत दुसऱ्या कमावत्या व्यक्तीची, बहुधा आईची, नोकरीही सुटते. जॉब कोचचा खर्च पहिल्या काही महिन्यांत जास्त आणि नंतर घटत जाणारा असतो. घरी बसण्याची किंमत मात्र आयुष्यभर चालू राहते.

इथे एक सावधगिरीही हवी. प्रत्येक स्वमग्न व्यक्तीला आठ तासांची नोकरी जमेल किंवा हवीच असेल, असे नाही. काहींना आयुष्यभर मोठ्या आधाराची गरज असते. त्यांच्यासाठी दिवसभराची केंद्रे आणि निवासाच्या सोयी वाढल्याच पाहिजेत. काहींना दिवसाचे तीन-चार तासच पुरतात. नोकरी करणारा तो यशस्वी आणि घरी असणारा तो अपयशी, अशी नवी उतरंड तयार होता कामा नये. ज्याला काम करायचे आहे, त्याची वाट मोकळी असावी, इतकेच.

महाराष्ट्राला काय करता येईल?

डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करून महाराष्ट्राने पुढचे पाऊल टाकले. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. कार्यालयात किंवा कारखान्यात प्रत्यक्ष काम करत शिकायचे आणि सरकारने बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन द्यायचे, अशी तिची मूळ रचना आहे. म्हणजे ‘कामाच्या जागीच प्रशिक्षण’ हे तत्त्व राज्याने आधीच स्वीकारले आहे. पैसा वळवण्याची वाटही तयार आहे.

त्यात चार बदल पुरेसे ठरतील. पहिला, बारावी न झालेल्या दिव्यांग तरुणांसाठी शिक्षणाची अट शिथिल करणे. दुसरा, प्रत्येक स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग प्रशिक्षणार्थीमागे जॉब कोचचे मानधन देणे आणि संस्थांना मिळणारा निधी किती प्रमाणपत्रे वाटली यापेक्षा वर्षभरानंतर किती नोकऱ्या टिकल्या यावर ठरवणे. तिसरा, सरकारी रुग्णालये, ग्रंथालये आणि महापालिकांपासून सुरुवात करून मुलाखतीऐवजी आठवडाभराच्या प्रत्यक्ष कामावरून निवड करणे. चौथा, नोकरी सुटल्यास निवृत्तिवेतनाचा आणि इतर योजनांचा हक्क आपोआप पूर्ववत होईल, हे लेखी स्पष्ट करणे. यातला निवृत्तिवेतनाचा भाग केंद्राच्या अखत्यारीत आहे, पण राज्याला आपल्या कर्मचाऱ्यांपुरती सुरुवात करायला कोणाची परवानगी लागत नाही.

दरवर्षी २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी इमारतींवर निळे दिवे लागतात, चर्चासत्रे होतात. शाळकरी मुलांविषयीची जाणीव त्यातून निश्चित वाढली. आता ती मुले पंचविशीत पोहोचली आहेत. डोनाल्ड ट्रिपलेट यांना जे घरच्या बँकेमुळे आणि ओळखीच्या गावामुळे मिळाले, ते अनोळखी शहरात मिळवून देणारी व्यवस्था म्हणजेच रोजगार साहाय्य. प्रमाणपत्र देऊन जबाबदारी संपते, हा समज बाजूला ठेवला, तरच ती उभी राहील.